पान, पाणी आणि पक्ष

भोरहून आंबवड्याला गेलं की नागेश्वराच्या देवळापाशी संस्थानकाळातला झुलता पूल लागतो. तारांवर टांगलेला, पावलागणिक हलणारा. शाळेच्या सहली आल्या की पोरं आधी त्या पुलाकडे धावतात. त्याच परिसरात दोन माणसांच्या समाध्या आहेत. एक कान्होजी जेध्यांची, दुसरी शंकराजी नारायण सचिवांची. दोघांच्या काळात जवळपास अर्ध्या शतकाचं अंतर, पण दोघांपुढे उभा राहिलेला प्रश्न एकच होता, आणि भोर-वेल्ह्यात तो आजही दर निवडणुकीला पारावर विचारला जातो. कुणाच्या बाजूला?

१६५९ साली अफजलखान वाईकडे सरकत होता तेव्हा आदिलशाहीची फर्मानं मावळातल्या देशमुखांच्या हाती पडली. खानाला येऊन मिळा, नाहीतर वतन गेलं म्हणून समजा. रोहिड खोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे हे कारीचे. ते मुलांना घेऊन शिवाजीमहाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. त्याच खोऱ्यातल्या उत्रौळीच्या खंडोजी खोपड्यांनी उलटा हिशोब केला आणि खानाची छावणी गाठली. प्रतापगडानंतर खोपडे सापडले. कान्होजींनी रदबदली केली म्हणून जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय तोडण्यात आला, असं बखरी सांगतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात इतकी कडक तरतूद नाही, हे आजच्या आमदारांचं नशीब.

मावळातल्या या देशमुखांना राज्यशास्त्राच्या पुस्तकातला पक्ष ठाऊक नव्हता, पण गट, युती आणि जागावाटप त्यांना चांगलं कळत होतं. जेधे आणि बांदल यांचं जुनं वैर. एक रोहिड खोऱ्याचे, दुसरे हिरडस मावळाचे. १६६० मध्ये घोडखिंडीत बांदलांच्या लोकांनी आणि त्यांचे देशपांडे, भोरजवळच्या शिंदचे बाजीप्रभू यांनी प्राण दिले. त्यानंतर दरबारातलं मानाचं पहिलं पान जेध्यांकडून बांदलांकडे गेलं, अशी परंपरा सांगतात. पान हातातून जाणं म्हणजे काय, हे ज्यानं तिकीटवाटपाच्या दिवशी एखाद्या इच्छुकाचा चेहरा पाहिला असेल त्याला वेगळं सांगायला नको.

शंकराजी नारायणांची गोष्ट आणखी अवघड. मोगलांनी घेतलेले राजगड-तोरण्यासारखे किल्ले परत मिळवणारा हा माणूस, राजारामांच्या काळात सचिवपदावर चढला. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू सुटून आले आणि मराठी राज्याचे उभे दोन भाग झाले. शंकराजींनी ताराबाईंच्या बाजूनं शपथ घेतलेली, आणि शाहूंचं बोलावणं दारात. त्यांनी शपथ मोडली नाही आणि धन्याविरुद्ध शस्त्रही उचललं नाही. आंबवड्यात त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. शाहूंनी सचिवपद त्यांच्या लहान मुलाकडे, नारो शंकरांकडे कायम ठेवलं आणि त्यातूनच पुढे पंतसचिवांचं भोर संस्थान उभं राहिलं.

हे संस्थान सव्वानऊशे चौरस मैलांचं. त्याचे तालुके किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालचा सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. राजा ब्राह्मण, रयत बहुतांश मराठा, धनगर, महादेव कोळी आणि महार. इंग्रजांच्या छायेतल्या सगळ्याच संस्थानांप्रमाणे इथेही राज्यकारभार म्हणजे दरबार, दिवाण आणि अर्ज. शेजारच्या औंधच्या राजानं १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती देऊन पाहिली. भोरनं तेवढी उडी मारली नाही. १९४७ मध्ये औंध, फलटण, सांगली यांच्यासोबत दक्षिणी संस्थानांचं एक संघराज्य करण्याच्या खटपटीत मात्र भोरही होतं.

ती खटपट फार टिकली नाही. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा आणि ब्राह्मण निघाला आणि सातारा, सांगली, कोल्हापूरकडे घरं जळू लागली. आधीच फाळणीनं होरपळलेला देश, आणि आता गावातल्या गावात पेटलेला हा वणवा. या धगीतच, जेमतेम पाच आठवड्यांनी, ८ मार्च १९४८ ला भोर आणि दक्षिणेतली इतर संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. सुधागड कुलाब्यात गेला, भोर आणि वेल्हे पुणे जिल्ह्यात. अडीचशे वर्षांची गादी कागदावरच्या सह्यांनी संपली आणि कालपर्यंतची रयत दाखल्यावर नागरिक झाली. हाती मत यायला अजून जवळपास चार वर्षं होती.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक ही शांततेच्या शोधात असलेल्या देशानं लावलेली जबरदस्त पैज होती. सतरा कोटींहून जास्त मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यावर काढलेला तोडगा साधा होता: प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदारानं पडद्याआड जायचं, बैलजोडी की झोपडी की वडाचं झाड ते बघायचं आणि मतपत्रिका त्या पेटीत सोडायची. शिक्का नाही, खूण नाही. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यानं बारा लाखांहून जास्त पोलादी पेट्या घडवल्या. हे जमलं म्हणून सेनांना पुढच्याच वर्षी सुदाननं बोलावलं. इंग्रज आणि इजिप्त यांच्या दुहेरी अमलातून सुटू पाहणाऱ्या त्या देशाची १९५३ ची पहिली निवडणूक सेन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं घेतली.

इथल्या पिढ्यांनी पुढे चिन्हंच लक्षात ठेवली. बैलजोडी, मग गाय-वासरू, मग हात. पक्षाचं नाव विचारलं तर म्हातारी माणसं चिन्ह सांगतात, आणि त्याहून पुढे विचारलं तर एखाद्या घराण्याचं नाव.

त्या घराण्यांत सर्वांत लांबचा प्रवास जेध्यांचा. कान्होजींच्या वंशातले केशवराव जेधे १८९६ मध्ये पुण्यात जन्मले. शुक्रवार पेठेतलं त्यांचं जेधे मॅन्शन हा विसाव्या शतकातल्या मराठी राजकारणाचा एक मोठा चव्हाटा होता. केशवरावांची सुरुवात ब्राह्मणेतर चळवळीत झाली. छत्रपती मेळे निघाले, दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकावरून खटला झाला आणि अपिलात बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. टिळकांच्या पुण्यात काँग्रेसला शेटजी-भटजींचा पक्ष म्हणणारा हा माणूस काकासाहेब गाडगीळांच्या मैत्रीतून १९३० च्या दशकात काँग्रेसमध्ये आला आणि प्रांतिक काँग्रेसचा अध्यक्षही झाला. गाडगीळ-जेधे ही जोडगोळी म्हणजे त्या काळातली महाआघाडीच. बहुजन समाज काँग्रेसकडे वळला तो या दारातून.

पण स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलं आणि जेध्यांना काँग्रेस पुन्हा शेतकऱ्यापासून लांब वाटू लागली. १९४७ मध्ये शंकरराव मोरे आणि इतर सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामकरी संघ काढला. पुढच्या वर्षी त्याचा शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, झाला. १९५२ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बैलजोडीनं त्याला फार वाव दिला नाही. १९५४ मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती जन्मली ती त्यांच्याच पुढाकारानं भरलेल्या सभेत, आणि १९५७ मध्ये समितीची लाट पश्चिम महाराष्ट्र घुसळून काढत असताना जेधे बारामतीतून लोकसभेवर गेले ते काँग्रेसच्या तिकिटावर! पुण्यात समितीचे ना. ग. गोरे आणि एस. एम. जोशी निवडून आले. एकाच माणसानं दोन्ही तंबूंत पाय ठेवल्यासारखं हे दिसतं खरं. पण त्यांना संधिसाधू म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. केशवरावांची माणसं कायम तीच होती, मावळातली आणि देशावरची कुणबी-मराठा रयत. तिला कुठला पक्ष जागा देतो याचा शोध ते तीस वर्षं घेत राहिले.

१९५९ च्या नोव्हेंबरमध्ये केशवराव गेले. १९६० मध्ये बारामतीत पोटनिवडणूक लागली आणि मराठी राजकारणाला हवी तशी सगळी पात्रं एका मांडवात आली. काँग्रेसनं केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभं केलं. त्यांच्यासमोर शेकापचे उमेदवार होते काटेवाडीचे वसंतराव पवार. म्हणजे ज्यानं शेकाप काढला त्याचाच मुलगा शेकापच्या विरोधात. वसंतरावांचा धाकटा भाऊ त्या वेळी पुण्यात कॉलेजात शिकत होता आणि विद्यार्थी काँग्रेसमध्ये काम करत होता. आई शेकापची, थोरला भाऊ शेकापचा उमेदवार. पोरानं प्रचार कुणाचा करायचा? त्यानं काँग्रेसचा केला. गुलाबराव जिंकले, वसंतराव पडले. धाकट्या भावाचं नाव शरद.

बरोबर चौसष्ट वर्षांनी त्याच बारामतीत पवारांच्या घरात नणंद सुप्रिया सुळे आणि भावजय सुनेत्रा पवार समोरासमोर उभ्या राहिल्या. त्याआधी पाण्याविषयी बोलायला हवं, कारण भोर-वेल्ह्याचं राजकारण पाण्याशिवाय समजत नाही.

या दोन तालुक्यांत पाऊस धो-धो पडतो आणि उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन वणवण करतात. पडलेलं पाणी अडवलं इथंच जातं, वापरलं जातं लांब. इंग्रजांनी १८८० च्या दशकात वेळवंडी नदीवर भाटघरला पहिलं धरण बांधलं. १९२८ च्या सुमारास त्याच्याच खाली मोठं धरण झालं, साडेतेवीस टीएमसीचं. जमीन संस्थानाची, कालवा इंग्रजी मुलखाचा. नीरेच्या डाव्या कालव्यानं हे पाणी बारामती-इंदापूरला नेलं आणि तिथं ऊस उभा राहिला. उजव्या कालव्यानं ते फलटणकडे गेलं. स्वातंत्र्यानंतर वेल्हे तालुक्यात पानशेत आणि वरसगाव झाली, पुण्याची तहान भागवायला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुणं बुडालं. त्या आठवणींच्या ढिगाऱ्यात धरणासाठी आधी उठलेल्या वेल्ह्यातल्या गावांना फारशी जागा मिळाली नाही. पुढे नीरा-देवघर आलं, गुंजवणी आलं. कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं होतं, इथल्या पुढच्या पिढ्यांनी पाण्यावर वतन सोडलं.

खाली ऊस, वर वरई-नाचणी. खाली साखर कारखाने, वर मुंबईची वाट. भोर-वेल्ह्यातल्या कित्येक घरांचा एक पाय मुंबईत, गिरण्यांत, गोदीत, पुढे पुण्याच्या बाजारात. मतदानाच्या आदल्या रात्री भरून येणाऱ्या गाड्यांत ही माणसं असतात, आणि त्या गाड्यांचं भाडं कोण भरतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

अशा तालुक्यात नेतृत्व टिकवायचं तर काहीतरी उभं करून दाखवावं लागतं. अनंतराव थोपट्यांनी ते केलं. शाळा, सहकार आणि अनंतनगर-निगड्याचा राजगड सहकारी साखर कारखाना, या जोरावर ते भोरमधून सहा वेळा आमदार झाले, मंत्री झाले. काँग्रेसमध्ये राहून शरद पवारांच्या गटात नसणं, हीच त्यांची ओळख. पवार १९७८ ला काँग्रेस फोडून पुलोद आघाडीचे मुख्यमंत्री झाले, १९८६ ला परत आले, तरी पुणे जिल्ह्यात भोर हे वेगळं संस्थानच राहिलं. मग १९९९ चा जून उजाडला. पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष काढला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत घड्याळाच्या चिन्हावर उभे राहिलेल्या काशिनाथ खुटवडांनी थोपट्यांना पाडलं. थोपटे मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत होते आणि पवारांनी ती वाट भोरमध्येच बंद केली, हा सल त्यांच्या समर्थकांनी पंचवीस वर्षं जपला. गंमत म्हणजे निकालानंतर दोन आठवड्यांत मुंबईत दोन्ही काँग्रेसनी मिळून विलासराव देशमुखांचं सरकार बनवलं. वर आघाडी, खाली वैर.

२००४ ला अनंतराव परत जिंकले. २००९ पासून मुलगा संग्राम थोपटे, सलग तीनदा, काँग्रेसच्या हातावर. पण २००८ च्या पुनर्रचनेनं मतदारसंघाचा नकाशाच बदलला होता. भोर-वेल्ह्याला मुळशी जोडला गेला. मुळशी म्हणजे सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचा मुलूख, पण त्याचबरोबर हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, पिरंगुटची एमआयडीसी आणि भूगावचे फ्लॅट. खोऱ्याखोऱ्यांतल्या भावकीवर चालणारं गणित तिथं लागू पडत नाही. २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेच्या कुलदीप कोंड्यांनी थोपट्यांना झुंजवलं, दुसऱ्या वेळी तर अंतर दहा हजारांच्या आत आलं. राज्यात महाविकास आघाडी आली तेव्हा संग्राम थोपट्यांना मंत्रिपद मिळालं नाही आणि संतापलेल्या समर्थकांनी पुण्यातल्या काँग्रेस भवनात मोडतोड केली. मानाचं पान पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेलं होतं.

२०२४ नं तर सगळीच गणितं चुकवली. तोपर्यंत शिवसेनेचे दोन झाले होते, राष्ट्रवादीचे दोन झाले होते. निवडणूक आयोगानं घड्याळ अजित पवारांना दिलं आणि शरद पवारांना तुतारी फुंकणारा माणूस. शेजारच्या सातारा मतदारसंघात नुसतं तुतारीसारखं चिन्ह मिळालेल्या एका अपक्षानं ३७,०६२ मतं घेतली आणि तिथं उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले. १९५२ मध्ये सेनांनी निरक्षरांसाठी आणलेली चिन्हं बहात्तर वर्षांनी साक्षरांना चकवत होती.

त्या मार्चमध्ये शरद पवार भोरला आले आणि अनंतराव थोपट्यांच्या घरी जाऊन बसले. चहा झाला, फोटो निघाले. ७ मेच्या मतदानात थोपटे कुटुंब सुप्रिया सुळ्यांच्या बाजूनं उभं राहिलं, भोरनं सुळ्यांना आघाडी दिली आणि सुनेत्रा पवार १,५८,३३३ मतांनी हरल्या. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरात, याच मतदारसंघानं अजित पवारांच्या घड्याळाला कौल दिला. विजयी झालेले मुळशीचे शंकर मांडेकर त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत ठाकऱ्यांच्या शिवसेनेत होते. त्यांच्याविरुद्ध संग्राम थोपटे, आणि महायुतीतले दोन बंडखोरही अपक्ष म्हणून मैदानात. कुणाचा पक्ष कुठला हे सांगायला बोटं पुरेनात. एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. काँग्रेसचा हात ज्या घरानं चार दशकं धरला होता तो सुटला. त्या वेळी गावोगाव चर्चा विचारसरणीची नव्हती, कारखान्याच्या कर्जाची होती.

या उलथापालथीत मतदान यंत्रं मात्र ठरल्या वाटेनं चढत-उतरत राहिली. भोरपासून पुढे रायरेश्वराचं पठार समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास. तिथं शिवमंदिर आहे, स्वराज्याच्या शपथेची आख्यायिका आहे आणि शे-दीडशे मतदारही आहेत. वर गाडी जात नाही. कड्याला लावलेल्या लोखंडी शिडीवरून मतदान केंद्राचे कर्मचारी यंत्रांच्या पेट्या वर नेतात. महुड्याच्या बाजूला बुरुडमाळ नावाची वस्ती आहे, अवघ्या ४१ मतदारांची. इतकी वर्षं तिथली माणसं मत द्यायला डोंगर उतरून दुसऱ्या गावी जात. २०२४ च्या लोकसभेला पहिल्यांदा केंद्र त्यांच्या वस्तीत आलं. एका खोलीत टेबल, पुठ्ठ्याचा आडोसा, शाईची बाटली, आणि सहीसाठी पुढे सरकवलेली मतदारांची वही.

२०२४ च्या त्याच मार्चमध्ये, आचारसंहिता लागायच्या तीन दिवस आधी, मंत्रिमंडळानं अहमदनगरच्या नामांतरासोबत आणखी एक नाव बदललं. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं. मुंबईत त्याची बातमी नवं नाव म्हणून छापली गेली. पंतसचिवांच्या संस्थानात मात्र राजगड नावाचा तालुका होताच.